जकातीचा रुपया आणि नेतृत्वाची शिबिरं

मराठीत 'जकात' म्हटलं की पुष्कळांना आजही मुलुंडचा नाहीतर दहिसरचा नाका आठवतो. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि मुंबईची ती जकात संपली. आमच्या घरात मात्र हा शब्द नेहमी दुसऱ्याच अर्थाने वापरला जाई: ऐपत असलेल्या मुसलमानाने आपल्या शिलकीतून दरवर्षी गरिबांना द्यायचाच असा वाटा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आई दागिन्यांचं वजन सांगायची आणि वडील वहीत हिशेब मांडायचे, शेकडा अडीच. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी किंवा त्याहून जास्त शिल्लक वर्षभर राहिली, की तिच्यातला अडीच टक्के भाग आपला नसतोच, असं ते म्हणत. लोकांचे पैसे आपल्याकडे राहिलेत, ते पोचवायचे. दान हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही.

गेल्या काही रमजानांत या पैशांवरून वाद होताना मी पाहते आहे. तरुणांची 'लीडरशिप' शिबिरं, निवासी तर्बियत (संस्कार) वर्ग, स्पर्धा परीक्षांची तयारी, भाषण करायला आणि कायदा वाचायला शिकवणारे शनिवार-रविवारचे अभ्यासक्रम, या सगळ्यांसाठी आता जकात मागितली जाते. एक बाजू म्हणते, जकात फकीर-मिस्कीनांची, म्हणजे गरीब-गरजूंची आहे, शिबिराच्या मांडवाची नाही, विषय संपला. दुसरी बाजू म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या रेशनची किटं वाटली, कौम, आपला समाज, कुठे पोचली? आता नेते घडवा. मग मुफ्तींचे फतवे एकमेकांवर फेकले जातात, ईद येते, वाद थांबतो आणि पुढच्या रमजानला तिथूनच सुरू होतो. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत. पण एकाला पैसा कोणत्या रकान्यात बसतो तेवढंच महत्त्वाचं वाटतं आणि दुसऱ्याला हेतू किती मोठा आहे तेवढंच. त्या पैशाने शेवटी झालं काय, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

नेतृत्वाच्या कार्यक्रमांना जकात द्यायला माझा विरोध नाही. पण जो हे पैसे घेतो त्याने एक गोष्ट दाखवलीच पाहिजे: हेच पैसे त्याच गरीब मुलाच्या किंवा मुलीच्या हातावर ठेवले असते तर जे झालं असतं, त्यापेक्षा शिबिरामुळे काही जास्त झालं. हे दाखवता येत नसेल, दाखवायची तयारीही नसेल, तर पैसे हातावर ठेवावेत.

ही अट मी बाहेरून आणलेली नाही. कुराणातल्या सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत: फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामीतून सोडवायचे ते, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटसरू. शिबिरांचे समर्थक सातव्या हकदाराकडे, 'फी सबीलिल्लाह'कडे, बोट दाखवतात. विसाव्या शतकात काही विद्वानांनी त्याचा अर्थ रुंद केला आहे, हे खरं. पण आपल्याकडच्या बहुसंख्य मुसलमानांचा मजहब, म्हणजे धर्मकायद्याचा पंथ, हनफी, आणि हनफी फिक्हमध्ये (धर्मकायद्यात) 'तमलीक'ची अट आहे: गरीब माणूस त्या पैशाचा मालक झाला पाहिजे. म्हणून जकातीतून मशीद बांधता येत नाही. मदरशांनी यातून एक पळवाट काढली, तिला 'हीला-ए-तमलीक' म्हणतात. पैसे गरीब विद्यार्थ्याच्या हातात द्यायचे, तो क्षणभर मालक होतो, आणि मग 'स्वखुशीने' ते मदरशाला देऊन टाकतो. कागदोपत्री सगळं बरोबर असतं. पण ही अट मुळात कशासाठी होती? गरिबाच्या नावाने गोळा झालेला पैसा मधल्यांच्या चांगल्या हेतूंमध्ये मुरून जाऊ नये म्हणूनच ना? हीला करून आपण अटीचे शब्द पाळले आणि तिचं काम बंद पाडलं.

आता एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची-प्रसंगांची नोंद; बुखारीच्या संग्रहात आहे. अज्द कबिल्यातल्या एका माणसाला पैगंबरांनी जकात गोळा करायला पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, हे तुमचं, आणि हे मला भेट म्हणून मिळालेलं. पैगंबर मिंबरवर, मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावर, उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर त्याला ही भेट मिळाली असती का? मदरशात हा प्रसंग लाचेविरुद्धचा धडा म्हणून शिकवतात, आणि तो आहेच. पण त्या प्रश्नाची घडण पाहा. जे झालं ते कशामुळे झालं, हे ओळखायचं असेल तर ते कारण नसतं तेव्हा काय झालं असतं, ते विचारा. परिणाम मोजण्याचं आजचं सगळं शास्त्र या एका प्रश्नावर उभं आहे. तेव्हा 'इम्पॅक्ट मोजणं ही कॉर्पोरेट कंपन्यांची फॅशन आहे, दीनच्या (धर्माच्या) कामात ती आणू नका' असं कोणी म्हणालं की मला वाईट वाटतं. जकातीच्या संदर्भात हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी मिंबरवरून विचारला गेला आहे.

तमलीकची अट आणि हा प्रश्न एकत्र ठेवले तर एक कसोटी तयार होते, आणि ती जगात एका ठिकाणी वापरूनही पाहिली गेली आहे. रवांडामध्ये अमेरिकेच्या मदतीवर चालणारा 'हुगुका दुकोरे' नावाचा तरुणांचा कार्यक्रम होता: कामाची तयारी, धंद्याचं शिक्षण, आत्मविश्वास. संशोधकांनी गरीब तरुणांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. काहींना प्रशिक्षण दिलं, काहींना प्रशिक्षणाच्या खर्चाएवढे रोख पैसे दिले, काहींना दोन्ही दिलं, काहींना काहीच नाही. वर्षभरानंतर पाहिलं तर प्रशिक्षण वाया गेलं नव्हतं. त्या मुलांचे कामाचे तास वाढले होते, बचत वाढली होती. पण उत्पन्न, घरखर्च आणि धंद्याची साधनं यांत रोख पैसे मिळालेले पुढे होते. प्रशिक्षणवाले पुढे होते ते धंद्याच्या माहितीत. यावरून कोल्हापूरच्या किंवा मालेगावच्या शिबिराबद्दल निकाल देता येणार नाही. रवांडा वेगळा, आपली मुलं वेगळी. पण 'पैसे दिले तर उडवून टाकतात, शिबिरातच माणूस घडतो' हे जे आपण छाती ठोकून सांगतो, ते तपासण्याची गोष्ट आहे, गृहीत धरायची नाही, एवढं तर यातून दिसतंच.

आणि सध्या आपण काय दाखवतो? गेली काही वर्षं आमच्याकडच्या एका जकात समितीत मी अर्ज वाचायला बसते. शिबिरांचे अहवाल येतात. चांगल्या कागदावर छापलेले, स्टेजवरचे फोटो, प्रमाणपत्र घेणारी मुलं, पाहुण्यांची नावं, शेवटच्या दिवशी भरून घेतलेले अभिप्राय. 'या शिबिराने माझं आयुष्य बदललं' असं एकोणीस वर्षांचा मुलगा निरोपाच्या दिवशी लिहितो तेव्हा तो खोटं लिहीत नाही. पण त्या दिवशी त्याला ते कळणार तरी कसं? स्पर्धा परीक्षांच्या वर्गांचं तर आणखी अवघड आहे. पुण्यात सदाशिव पेठेतून चालत गेलं की एकाच यशस्वी उमेदवाराचा चेहरा दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो. कोणी त्याला दोन वर्षं शिकवलेलं असतं, कोणी फक्त मुलाखतीचा सराव घेतलेला असतो, आणि निकाल सगळे आपला म्हणतात. हे इतकं वाढलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अनेक क्लासना दंड केले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहिरातींची नियमावली काढली. बाजारातल्या क्लासला जो खुलासा कायद्याने करावा लागतो, तो गरिबांच्या पैशावर चालणाऱ्या वर्गाने आपणहून करायला नको?

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. पहिलं म्हणजे गरज. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की आयएएसमध्ये मुसलमान ३ टक्के, आयएफएसमध्ये १.८ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के आहेत. लोकसंख्येतला वाटा तेव्हा १३.४ टक्के होता. ज्या समाजाला सरकारी टेबलाच्या पलीकडे आपलं माणूस दिसत नाही, त्याला नेतृत्व हवं आहे, यात वाद नाही. दुसरं, नेतृत्वाची फळं उशिरा येतात आणि कुठे येतील ते सांगता येत नाही. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा तोंडी तलाकविरोधी मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. सात जणी. वर्षभराने कोणी 'निष्पत्ती' विचारली असती तर काय सांगितलं असतं? एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला २२ ऑगस्ट २०१७ ला, एक्कावन्न वर्षांनी. त्या मोर्चामुळेच निकाल लागला असं कोणी म्हणणार नाही, आणि त्याचा काहीच संबंध नव्हता असंही म्हणता येणार नाही. दलवाईंची मतं न पटणाऱ्यांनाही हे मानावं लागेल.

माझ्या कोल्हापुरातलंच दुसरं उदाहरण. शाहू महाराजांनी इथे जातीजातींची वसतिगृहं काढली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगची सुरुवात झाली, आणि त्या संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातून जाताना आजही ती इमारत पाहून मला बरं वाटतं. शेजारच्या समाजाच्या राजाने आमच्या मुलांच्या राहण्याजेवणाची काळजी केली, ही साधी गोष्ट नाही. याच शहरातल्या जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील राहत होते. ते मॅट्रिकही झाले नाहीत. बोर्डिंगचा हिशेब पास-नापासवर मांडला असता तर भाऊराव वाया गेलेल्यांच्या रकान्यात पडले असते. आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, जिच्या शाळांतून महाराष्ट्राची खेडीच्या खेडी शिकली.

हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरलं जातं, म्हणून जरा थांबून पाहू. भाऊरावांवरून सिद्ध काय होतं? एवढंच, की चुकीचं मोजमाप मोठ्या माणसाला नापास करू शकतं. मोजूच नये, हे त्यातून निघत नाही. प्रत्येक शिबिरवाला आपल्या अहवालात एका भाऊरावाची गोष्ट सांगतो, पण त्याच्याबरोबर आलेल्या बाकीच्या मुलांचं काय झालं ते सांगत नाही. आणि खुद्द भाऊराव बोर्डिंगमुळे घडले, की बोर्डिंगच्या शिस्तीशी भांडून घडले, की कुठेही ठेवलं असतं तरी घडलेच असते? एका माणसाच्या चरित्रातून याचं उत्तर मिळत नाही. पुष्कळ मुलं पाहावी लागतात, आलेली आणि न आलेलीही.

आणि थोड्यांना घडवा, त्यांच्यामार्फत ते बाकीच्यांपर्यंत झिरपेल, हा जो युक्तिवाद आहे, त्याची उलटतपासणी महाराष्ट्रात १८८२ मध्येच झाली आहे. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण द्यावं, ते खाली पोचेल, असं इंग्रज सरकारचं धोरण होतं. जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि दोन गोष्टी विचारल्या. महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो खर्च कोणावर होतो? आणि जे शिकले त्यांनी आपल्या अडाणी देशबांधवांसाठी केलं काय, घरी कधी वर्ग भरवले का? जकातीवर चालणाऱ्या नेतृत्वाच्या कार्यक्रमाला मला हेच दोन प्रश्न विचारावेसे वाटतात, शब्द फारसे न बदलता. पैसा कोणाच्या हक्काचा होता आणि शिबिरात बसलं कोण? शिबिरातून गेलेल्याने गल्लीतल्या न गेलेल्यांसाठी काय केलं?

यातला पहिला प्रश्न सगळ्यात स्वस्त आहे आणि तोच कोणी विचारत नाही. रेशनचं किट घ्यायला आलेल्या विधवेला आम्ही रेशनकार्ड, भाड्याची पावती, कधी शेजाऱ्याची साक्षसुद्धा मागतो. ती मुस्तहिक आहे का, म्हणजे जकातीची हकदार आहे का, याची खात्री केल्याशिवाय पिठाची पिशवी हलत नाही. शिबिराच्या अर्जावर मात्र 'तुमची बलस्थानं कोणती' असा प्रश्न असतो. मुलाखतीत नीट बोलणारा, लॅपटॉप असलेला, इंग्रजी माध्यमातला मुलगा निवडला जातो, कारण त्याच्यात 'नेतृत्वगुण दिसतात'. तो चांगलाच मुलगा असतो. पण त्याच्या वडिलांवर कदाचित स्वतःवरच जकात फर्ज, म्हणजे बंधनकारक, असते. अशी जागा जकातीतून भरली तर जकात अदा झाली का, हे मुफ्तींना विचारा. ती नेमकी कोणाच्या ताटातून गेली ते मी तुम्हाला अर्ज काढून दाखवू शकते.

मोजायला लागलं की आकड्यांसाठी काम होतं, हा आक्षेपही खरा आहे. इंग्लंडने १८६२ मध्ये शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालाला बांधलं, मुंबई इलाख्यातही ती पद्धत आली. मास्तरांनी इन्स्पेक्टर काय विचारणार तेवढंच पाठ करून घेतलं. उद्या आपण 'किती मुलं अधिकारी झाली' एवढंच विचारलं तर समित्या आधीच पुढे असलेली मुलं निवडतील आणि पास झाल्याचं श्रेय घेतील. अमेरिकेत बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या नामांकित सरकारी शाळांबद्दल हेच तपासलं गेलं. प्रवेश परीक्षेत काठावर पास झालेली आणि काठावर हुकलेली मुलं यांची तुलना केली, तर शाळेच्या नावाचा वाटतो तेवढा फायदा दिसला नाही. मुलं मुळातच हुशार होती. पण यावर उपाय त्या तपासातच आहे. आपल्याकडे जागा कमी आणि अर्ज जास्त असतात. हकदार ठरलेल्यांमधून चिठ्ठ्या टाकून निवडा, निदान काठावर राहिलेल्यांची यादी जपून ठेवा, आणि दोन वर्षांनी दोन्ही याद्यांना फोन करा. शिकतोय का? कमावतोय का? लग्न झालेल्या मुलीचं शिक्षण चालू आहे का? मोहल्ल्यातल्या कोणाचा अर्ज भरून दिला, कोणाला शिकवलं, ग्रामसभेत किंवा वॉर्ड ऑफिसात कधी उभा राहिला का? ईमान मोजायचं नाही, ते अल्लाहकडे आहे. आपल्या पत्रकात आपणच जे वचन दिलं होतं तेवढंच मोजायचं.

खर्च कुठून? जकातीचा पैसा सर्व्हेवर उडवू नका, हे म्हणणं मला पटतं. त्या आयतीत गोळा करणाऱ्यांचा वाटा आहे, आणि कोकणातले आपले भाऊ ज्या शाफिई मजहबचे आहेत त्यात तो आठव्या हिश्श्यापुढे जात नाही. पण तोही नको. फोनचा खर्च ऐच्छिक सदक्यातून, जकातीबाहेरच्या दानातून, करावा, आणि फोन शिबिर घेणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कोणीतरी करावेत.

ज्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही तो यादीचा आहे. मुस्लिम तरुणांची नावं, फोन नंबर, कोण कोणत्या वर्गात होतं, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवणं आज निर्धोक नाही. २०२० मध्ये मुसलमान मुलं यूपीएससी पास होतात हेच कारस्थान आहे, असा कार्यक्रम एका वाहिनीने दाखवला. १९९७ पासून काम करणाऱ्या झकात फाउंडेशन ऑफ इंडियाच्या कोचिंगवर त्यात आरोप झाले. १५ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने उरलेले भाग रोखले. त्या वर्षीच्या ८२९ यशस्वी उमेदवारांत मुसलमान ४२ च्या आसपास होते, लोकसंख्येच्या वाट्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि तेवढेही काहींना सलले. अशा हवेत एखादी आई म्हणाली, माझ्या मुलाचं नाव कुठे लिहू नका, तर तिला मी काय सांगू? यादी एकाच ठिकाणी कुलपात ठेवता येते, बाहेर फक्त बेरजा देता येतात, कोणी नाव काढ म्हटलं तर काढता येतं. भीती जात नाही. तरीही वाटतं, आरोप झाला तेव्हा उपयोगी पडला तो उघडा हिशेबच.

बाकीच्यांना कोणी हिशेब विचारत नाही, आम्हालाच का, असंही ऐकते. विचारत नसतील. माझा प्रश्न मुस्लिमेतरांच्या वतीने नाही, त्या विधवेच्या वतीने आहे. आणि रेशनच्या किटवाल्यांनाही तो सुटलेला नाही: तीस दिवसांचं पीठ दिलं, की एकदाच शिलाई मशीनचे पैसे दिले, त्या घरात दोन वर्षांनी काय फरक पडला, हेही कोणी पाहिलेलं नाही. मनं जोडायच्या लोकांचा वाटा एकदा कुराणात आलेला असूनही दुसरे खलिफा हजरत उमरांनी परिस्थिती बदलली म्हणून थांबवला. जकातीच्या खर्चाकडे असं डोळे उघडे ठेवून पाहायची आपली रीत आहे.

गेल्या रमजानमध्ये मी स्वतः एक जुनी यादी काढली, न निवडलेल्यांची. इचलकरंजीच्या एका मुलाने फोन उचलला. रात्रपाळीला यंत्रमागावर असतो, म्हणाला. मुलाखतीत तो अडखळला होता, हे मला त्याच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसत होतं. आता काय करतोस विचारलं, तर म्हणाला, "आपा, संध्याकाळी मशिदीच्या वरच्या मजल्यावर सातवी-आठवीच्या पोरांचं गणित घेतो. पैसे नाही घेत, त्यांच्याकडे नसतातच." हे कधीपासून, विचारलं. तीन वर्षं झाली. आम्ही त्याला नाकारलं त्याच वर्षापासून. त्याची निवड झाली असती तर त्याचा फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर लागला असता, आणि तो शिबिरामुळे घडला असं मीच लिहिलं असतं. यादीतले बाकीचे नंबर अजून लावायचे आहेत.